माळाखालचा खडक



‘पठार’ हा शब्द मला शाळेत मिळाला. आमच्या गावात तो कोणी वापरत नव्हते; आजही वापरत नाही. निलंगा तालुक्याच्या पश्चिम अंगाला, खरोशाच्या डोंगराकडे तोंड करून असलेले आमचे गाव भूगोलाच्या पुस्तकानुसार बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेले आहे. परंतु गावाच्या लेखी ते माळावर आहे. माळ, बरड, काळी, पांढरी, चिबड, चोपण, लवण, ओघळ असे जमिनीचे आठ-दहा शब्द माझ्या वडिलांच्या, आबांच्या, तोंडी होते आणि तेवढ्यांवर त्यांचे आयुष्य निभावले. पुस्तकाने मला एकच शब्द दिला आणि त्या शब्दाखाली हे सगळे झाकून टाकले. तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात. दिवसभराचे शेतातले वा नोकरीतले काम आटोपून हे पान वाचत असाल. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना जमिनीचे किती शब्द ठाऊक आहेत, हे एकदा विचारून पाहा, आणि कोशात त्यांतले किती सापडतात तेही पाहा.

मी हे लिहायला बसलो त्याचे कारण मात्र शब्दांचे नाही, मुरमाचे आहे. त्याकडे मी येतोच. आधी खडकाविषयी सांगितले पाहिजे.

आमच्या भागातला खडक दोन प्रकारचा आहे. एक काळा, ज्याला पुस्तकात बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि आज दिसणारे पाच लाख चौरस किलोमीटरचे दख्खनचे पठार तयार झाले. निलंग्याच्या नीळकंठेश्वराच्या मंदिरासाठी हाच काळा दगड घडवला गेला. तारकाकृती तलविन्यासाच्या त्या मंदिराच्या बाह्यभिंतीवरील मूर्तींचे दागिने अजून मोजता येतात, इतका हा दगड कोरणाऱ्याशी प्रामाणिक राहतो.

दुसरा खडक तांबडा. त्याला आपण जांभा म्हणतो. हाच काळा खडक उन्हापावसात लक्षावधी वर्षे कुजत राहिला, त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, तेव्हा जांभा झाला. कोकणातल्या वाचकाला जांभ्याचे अप्रूप वाटणार नाही. पण समुद्रापासून इतक्या आत, मराठवाड्याच्या कोरड्या माथ्यावर तो भेटतो तेव्हा एखादा दूरचा नातलग अनोळखी गावात भेटावा तसे वाटते. खरोशाची लेणी या जांभ्यात कोरलेली आहेत. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराची ही लेणी. जेम्स बर्जेस यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांच्या अहवालात त्यांची नोंद आहे. सातवीत असताना शाळेची सहल तेथे गेली होती. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही चालतच गेलो. गुरुजींनी नरसिंह दाखवला, शिवपार्वती दाखवली. मला नीट काहीच दिसले नाही. मूर्तींचे चेहरे विरघळल्यासारखे होते. वेरूळची चित्रे पुस्तकात पाहिलेल्या मुलाला हे फार निकृष्ट वाटले आणि तसे मी घरी येऊन सांगितले.

आबा तेव्हा म्हणाले, “त्यो दगुड कोरायचा न्हाई, पाणी प्यायचाय.”

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्याच्यावरून वाहून जात नाही, आत शिरतो. खाली चिकणमातीचा किंवा अभंग बेसाल्टचा थर लागला की अडतो आणि डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. शेजारच्या बिदरचे सगळे जलशास्त्र यावर उभे आहे. बहमनी काळात तेथे जांभ्याच्या पोटातून भुयारी कालवे खोदले गेले. करेज या इराणी नावानेच ते ओळखले जातात. वरचा स्पंज, खालची थाळी आणि दोहोंच्या सांध्यावर खणलेले भुयार, एवढीच त्यातली युक्ती. निरक्षर माणसाला हे कोठून ठाऊक? बाहत्तरच्या दुष्काळात आबांनी सरकारी कामावर दोन उन्हाळे खडी फोडली होती. ते म्हणत, पुस्तक वाचून मला जेवढे कळले असते तेवढे घणाने कळले. यात थोडी बढाई होती, पण फार नव्हती.

येथे जरा दूर जातो. जगातील वाळवंटी पठारांविषयी वाचताना मला अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यातले तासिली नाज्जेर भेटले. सहाराच्या ऐन मध्यावरचे, वालुकाश्माचे, हजारो चौरस किलोमीटर पसरलेले पठार. वाऱ्याने आणि पुरातन पाण्याने त्या खडकाचे सुळके, कमानी आणि अरुंद गल्ल्या करून टाकल्या आहेत. तेथील तुआरेग लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘नद्यांचे पठार’ असा सांगतात. आज तेथे वाहती नदी नाही. घळींच्या तळाशी खडकात साठलेली कुंडे तेवढी आहेत. परंतु त्या खडकांवर १५ हजारांहून अधिक चित्रे व कोरीव आकृत्या आहेत आणि त्यांत गुरांचे कळप आहेत, जिराफ आहेत, पाण्याशिवाय न जगणारे प्राणीही आहेत. पाणी होते तेव्हाची ही चित्रे. १९८२ मध्ये युनेस्कोने या पठाराला जागतिक वारशात स्थान दिले. त्याच वर्षी उस्मानाबादमधून फुटून आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला. योगायोगाला अर्थ नसतो, पण मला तो लक्षात ठेवायला सोपा गेला.

वालुकाश्माचा आणि आमच्या बेसाल्टचा स्वभाव अगदी उलट. वालुकाश्म म्हणजे कणाकणाने बसलेली वाळू. त्या कणांमध्ये जागा असते आणि त्या जागेत पाणी राहते. सहाराच्या पूर्व भागात लिबिया, इजिप्त, चाड आणि सुदान यांच्या खाली वालुकाश्मात प्राचीन काळचे प्रचंड पाणी साठून आहे. वर वाळवंट, खाली समुद्र. आमच्याकडे वर पाऊस पडतो, वर्षाला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर, म्हणजे सहाराच्या मानाने चैनच. पण खालचा खडक एकदा वितळून गोठलेला. त्याच्या पोटात कणांमधली जागा नाही. पाणी राहते ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या कुजलेल्या थरात. या कुजलेल्या थराचे गावातले नाव मुरूम.

आबांनी विहीर खणायला घेतली ती १९८६ साली. पाणाड्याने नारळ तळहातावर धरून जागा दाखवली. आबांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आईचा होता. त्यामुळे त्याला सव्वा रुपया आणि जेवण देऊन झाल्यावर आबांनी विहीर तिथून वीस पावले अलीकडे, लवणाच्या तोंडाशी पाडली. दोन वर्षे ती चालली. मी त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचा. क्रेनच्या बकेटमधून वर येणारा प्रत्येक थर मी पाहिला आहे. हातभर काळी माती, मग पांढरट चुनखडी, मग पंधरा-सोळा फूट पिवळा-तांबडा मुरूम. त्याखाली चाळणीसारखी भोके असलेला खडक. त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक साखरेसारखे चमकत. त्यानंतर हातभर जाडीचा विटकरी लाल थर लागला तेव्हा कामावरची माणसे थबकली. जमिनीच्या पोटात भाजलेली माती कशी आली, याचे त्यांना भय वाटले. पुढे कॉलेजात शिकलो की एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येण्यापूर्वी मध्ये जो काळ गेला, त्यात त्या जुन्या पृष्ठावर माती तयार झाली होती. नवा लाव्हा तिच्यावर पसरला आणि ती आत कोंडली गेली. कोणीच न नांगरलेले ते शेत होते.

लाल थराखाली पक्का काळा लागला. बावन्न फुटांवर सुरुंगाचे पैसे संपले. कर्ज होते, त्याचे हप्ते सुरू झाले होते. पाणी लागले होते ते वरच, मुरूम जिथे संपतो तिथल्या सांध्यातून. एका बाजूने बोटाएवढी धार. आबा विहिरीच्या काठावर बसून म्हणाले, “पाणी खडकात नस्तंय, खडकावर आस्तंय.” ती धार संक्रांतीपर्यंत पुरे. चांगल्या सालाला होळीपर्यंत. तिच्यावर अर्धा एकर हरभरा आणि घरापुरती भाजी निघाली, आणि माझे शिक्षण झाले.

बी. ए.ला मी भूगोल घेतला. एका प्रश्नाचे उत्तर मला अजून पाठ आहे, कारण त्याला चांगले गुण पडले होते. भारतीय द्वीपकल्प हा अतिप्राचीन, कठीण व स्थिर भूखंड असून तेथे मोठ्या भूकंपांचा संभव नाही, असे मी लिहिले होते. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा अपवाद नोंदवला होता आणि त्याचे कारण म्हणून धरणाच्या जलाशयाकडे बोट दाखवले होते. उत्तर मुद्देसूद होते. ते लिहिताना मी ज्या घरात वाढलो ते घर माझ्या डोळ्यांसमोर होते. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, सागवानी तुळया आणि वर माळवद, म्हणजे पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. आम्हाला त्या भिंतींचा अभिमान होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन झाले होते. मी तेव्हा लातूरला खोली घेऊन राहत होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. जमीन हलली हे लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात प्रथम आवाज आला, गडगडाटासारखा, पण आभाळातून नव्हे. आम्ही रस्त्यावर आलो. उजाडेपर्यंत किल्लारीचे नाव पसरले. मिळेल त्या जीपला लोंबकळत, उरलेले अंतर पायी चालत मी दुपारी गावात पोहोचलो.

आबा आणि धाकटा भाऊ त्या रात्री विहिरीवर झोपले होते. आई माहेरी गेली होती. घरात आजी एकटी होती.

भिंतींत आतून चिरे नव्हते. बाहेरच्या आणि आतल्या बाजूला बरे दगड, मधल्या पोकळीत गोटे आणि चिखल. दोन्ही अंगांना बांधून धरणारा एकही लांब दगड नाही. हादरा बसताच भिंत मधून उकलली, तुळया निसटल्या आणि पावसाने भिजून जड झालेले माळवद खाली आले. औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांतल्या बहुतेक घरांची हीच कथा. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली; ६.२ च्या आसपासच्या त्या भूकंपाने, मजबूत बांधकामाच्या प्रदेशात इतके मृत्यू झाले नसते. आजीला बाहेर काढायला आम्हाला संध्याकाळ झाली. तिच्या अंगावर दगड फार नव्हते. माती होती.

आबांनी त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला, “तू तर भूगोल शिकलास. तुला ठावं नव्हतं?”

त्या प्रश्नात राग नव्हता. त्यांना खरोखरच वाटले होते की पुस्तकात हे असेल आणि सांगायचे माझ्याकडून राहून गेले असेल. मी जे लिहून गुण मिळवले होते ते त्यांना कसे सांगणार होतो?

पुढे शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल छिद्र घेतले, ६१७ मीटरचे. त्यात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. त्याखाली जेमतेम ८ मीटरचा गाळाचा थर आणि त्याच्या खाली अतिप्राचीन पायाभूत खडक. मी ही आकडेवारी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमची बावन्न फुटांची विहीर आठवली. ती त्या काळ्या खडकाच्या विसाव्या हिश्श्याइतकीही खोल नव्हती. आणि तो आठ मीटरचा थर मला फार वेळ विचार करायला लावत राहिला. लाव्हा येण्यापूर्वी या भूमीवर कोणते तरी पाणी वाहत होते, त्याने गाळ आणला होता, एखादे तळे असेल, एखाद्या ओढ्याचा काठ असेल. आमचेही एक नद्यांचे पठार होते म्हणायचे, ३३८ मीटर खाली गाडलेले. भूकंपाचा उगम मात्र त्याच्याही कितीतरी खाली, काही किलोमीटर खोल, जुन्या पायाभूत खडकातल्या एका दुबळ्या जागी होता. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण खंडाच्या आतही साठतो आणि अशा दुबळ्या जागी मोकळा होतो. स्थिर म्हणजे न हलणारा असे नव्हे, क्वचित हलणारा, असे आता विद्यार्थ्यांना शिकवतात. पूर्वीच्या उत्तरपत्रिका कोणी परत तपासत नाही.

नव्या गावठाणात आम्हाला घर मिळाले. पत्र्याच्या, काँक्रीटच्या त्या घरांविषयी बरेच लिहिले गेले आहे. मी एवढेच सांगतो की आई पहिली तीन वर्षे अंगणात झोपली. आबा २०११ साली गेले.

२०१५ च्या दुष्काळात धाकट्याने विंधन विहिरी घेतल्या. एकामागून एक चार. शेवटची ६०० फुटांपर्यंत नेली. प्रत्येक वेळी वर आला तो काळा भुगा. त्याने माझ्या न कळत कर्ज काढले होते; कळले असते तर मी अडवले असते, आणि माझे त्याने ऐकले नसते. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली तेव्हा लोक टँकरच्या डब्यांची छायाचित्रे काढत होते. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या माथ्यावर उगम पावून लातूर जिल्ह्यातून जाते, औरादच्या परिसरात तेरणेला पोटात घेते, कर्नाटकात आणि तेलंगणात शिरते, तेथे निजामसागर भरते आणि मग उत्तरेकडे वळून कंदकुर्तीजवळ, नांदेडच्या सीमेवर, गोदावरीला मिळते. सातशेहून अधिक किलोमीटरचा हा वळसा नकाशावर घोड्याच्या नालासारखा दिसतो. ज्या जिल्ह्यातून ती जाते त्या जिल्ह्याच्या गावाला कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी रुळांवरून आले. नकाशाच्या तासाला हे मुलांना कसे समजावावे, असा प्रश्न मला त्या उन्हाळ्यात पडला होता.

आता मुरमाची गोष्ट.

आमच्या वाट्याला दहा एकर जमीन आहे. त्यातला चार एकर माळ. कुसळ आणि तरवड यांपलीकडे तिथे काही उगवत नाही. उतारावरचा हा माळ विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. गेल्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा धाकटा म्हणाला, “अण्णा, रस्त्याच्या कामाला मुरूम पाहिजे. एक ठेकेदार येऊन बघून गेला. ब्रासवर पैसे देतो म्हणतो. मशीन लावली तर महिन्यात उचलून नेतील. जमीनही सपाट होईल, आयती.”

त्याने मला कागदावरचा हिशेब दाखवला. सगळे कर्ज त्यात फिटत होते आणि थोडे उरत होते. धाकटा मूर्ख नाही. माझ्यापेक्षा व्यवहार त्याला अधिक कळतो.

आम्ही दोघे माळावर गेलो. शेजारच्या शिवारात असाच एक माळ दोन वर्षांपूर्वी उचललेला होता. आता तिथे काळ्या कातळाचा लख्ख तळ उघडा पडला आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून घसरत थेट ओढ्याला जाते. मी त्याला सांगितले की आपल्या विहिरीतली ती बोटाएवढी धार या चार एकरांतून येते. मुरूम हीच आपली टाकी आहे. खालच्या काळ्यात काहीच नाही, हे तू चारदा खोदून पाहिले आहेस. मी त्याला करेजविषयी सांगितले, जांभ्याविषयी सांगितले, सहाराच्या वालुकाश्माविषयीही सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. कारण तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मला ओळखीची वाटली. आबांनी त्या संध्याकाळी मला तसेच पाहिले होते.

“हे सगळं बरोबर आसंल,” तो म्हणाला, “पण हप्ता मार्चमध्ये आहे. धार संक्रांतीला आटती.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या पगारातून काही रक्कम मी देतो म्हणालो. ती त्याने घेतली. त्याने सगळा हप्ता भागत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. परत येताना आम्ही विहिरीपाशी थांबलो. पाणी वीस फुटांवर होते. मुरूम आणि खडक यांच्या सांध्यावर शेवाळाची हिरवी रेघ होती आणि तिच्या एका टोकाशी धार चालू होती. वरून पाहिली तर दिसत नव्हती, ऐकू मात्र येत होती. धाकट्याने काठावर बसून चप्पल काढली, त्यातला खडा झटकला आणि विचारले की आबांनी पाणाड्याने दाखवलेली जागा सोडून ही जागा का धरली असेल. मी त्याला लवणाची रेषा दाखवली. माळाचा उतार जिथे वाकतो तिथून ती सुरू होते. तो ती बराच वेळ पाहत राहिला.

ठेकेदाराला त्याने अजून होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.